मांजराची शुगर आणि इन्सुलिनचा डोस: घरी सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भुरूला शुगर निघाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. नसबंदी झालेला, सव्वासहा किलोचा दांडगा बोका. दोन-अडीच महिन्यांत साडेचार किलोवर आला. खाणं मात्र दुप्पट, आणि पाण्याचा कटोरा दिवसातून तीनदा भरावा लागे. मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालायला लागला तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की हे वय नाही, आजार आहे. आता तीन वर्षं झाली. आधी वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावातलेच लोक विचारायचे, आता पार यवतमाळ-चंद्रपूरकडून फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी डॉक्टर नाही. डोस डॉक्टरच ठरवतात. घरी मोजायचं, लिहून ठेवायचं आणि कधी हात आवरायचा ते ओळखायचं, एवढं आपलं काम. पण खेड्यात हेच काम जनावराचा जीव वाचवतं.

"मांजराले बी शुगर होते काय?"

होते. माणसांत उतारवयात होतो त्या टाइप २ मधुमेहाशी तिचं बरंच साम्य आहे. सात-आठ वर्षांपुढची, वजन वाढलेली, नसबंदी झालेली मांजरं, त्यातही बोके, यांना जास्त. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉईडची इंजेक्शनं वारंवार दिली असतील तर त्यामुळेही शुगर वर येते. तपासायला नेताना अशी इंजेक्शनं झाली असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

तालुक्याच्या दवाखान्यात होईल, की नागपूरच गाठावं लागेल?

निदानासाठी एकदा मोठ्या ठिकाणी जाऊन या. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. पुढची देखरेख जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते. फक्त तो श्रेणी १ चा असावा, कारण तिथे पदवीधर डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. गाई-बैलांच्या धबडग्यात मांजराची शुगर त्यांच्याकडे क्वचितच येते, पण कागद नीट नेला, आकडे लिहून नेले, तर मनापासून मदत करतात हा माझा अनुभव आहे. त्यांचा मोबाईल नंबर घेऊन ठेवा. पशुसंवर्धनाची १९६२ ही टोल फ्री हेल्पलाईनही माहीत असू द्या.

एक लक्षात असू द्या. एसटीत टोपलीत कोंबून, तीन तास हादरे खात नेलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीनंच तीनशेच्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर डोस वाढवायचा नसतो. डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी सांगतात ती यासाठीच. मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी शुगर तिच्यात कळते आणि प्रवासाच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही.

घरात आजोबांची इन्सुलिन आहे. तीच दिली तर?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खर्च वाचवण्याची त्यामागची तळमळ मला कळते. पण गावाकडे वयस्कर माणसांना बहुतेक वेळा ३०/७० ची मिश्र इन्सुलिन असते. तिच्यातला एक भाग झपाट्यानं काम करतो आणि मांजराची शुगर एकदम खाली आणतो. मांजरासाठी डॉक्टर बहुधा ग्लार्जिन लिहून देतात. ती माणसांचीच आहे, मेडिकलमध्ये मिळते, पण हळूहळू आणि लांबवर काम करते. आजोबांची खरोखरच ग्लार्जिन असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि एकच कुपी दोघांत तर कधीच नाही.

लाल टोपीची सिरिंज घ्यायची की नारिंगी?

या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे मात्र दोनदा वाचा.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते. साध्या कुप्यांवर ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली लिहिलेलं असतं, त्यांची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिनवर १०० आययू प्रति मिली लिहिलेलं असतं, तिची सिरिंज नारिंगी टोपीची. खेड्यातल्या मेडिकलमध्ये "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं की सवयीनं लाल टोपीची हातात येते. आता १०० ची ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरली तर मांजराच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातात. अडीच पट. एवढ्यानं मांजर रात्रीतून दगावू शकतं.

आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात अशी पुडी आली होती. टोपी पाहून परत केली म्हणून निभावलं. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्याकडे माणसांची गिऱ्हाइकं असतात. आपणच कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून जुळवायचा, दर वेळी. शक्य असेल तर ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मागवून घ्या. मांजराच्या डोसात अर्धं युनिटही मोठं असतं. ग्लार्जिन ३०० आययूचीही पेनमध्ये मिळते. तिच्यातून सिरिंजनं औषध ओढायचंच नाही. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरी इन्सुलिनही मिसळायची नाही.

सुरुवातीचा डोस किती असतो?

साधारणपणे एक युनिट, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. वजन आणि आकडे पाहून डॉक्टर थोडं कमी-जास्त करतात, पण सुरुवातीलाच दोन युनिटच्या वर सहसा जात नाहीत. आमची वेळ सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. शेतावर जायच्या आधी आणि दिवाबत्तीच्या वेळी, म्हणजे कुणी ना कुणी घरी असतंच.

शुगर अजून चारशे आहे. डोस वाढवू का?

थांबा. इन्सुलिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर शरीराला स्थिरावायला पाच ते सात दिवस लागतात. त्याच्या आत वाढवायचं नाही, आकडा कितीही वर दिसो. रोज आकडा पाहून रोज डोस हलवणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रेमापोटीच करतात, पण त्यातून मांजराची शुगर झोपाळ्यासारखी वर-खाली होत राहते आणि नेमकं काय चाललंय ते डॉक्टरांनाही समजत नाही.

आणि सकाळच्या एका आकड्यावरून डोस ठरत नाही. दिवसभराचा आलेख लागतो. एखादा रविवार मोकळा ठेवा. इन्सुलिन द्यायच्या आधी एकदा मोजा, मग दर दोन-तीन तासांनी, पुढच्या इंजेक्शनपर्यंत. बहुतेक मांजरांत शुगर इंजेक्शननंतर चार ते आठ तासांत सगळ्यात खाली जाते. तो तळाचा आकडा महत्त्वाचा. भुरूचा पहिला आलेख मी शाळेच्या वहीत काढला होता: सकाळी सहाला ३९०, नऊला ३१०, बाराला २४०, तीनला २६०, सहाला ३८०. तळ २४०, म्हणजे वाढवायला जागा होती. डॉक्टरांनी एकाचं दीड युनिट केलं, आणि पुन्हा आठवडाभर काही बदलायचं नाही म्हणून बजावलं.

डॉक्टर सहसा असं बघतात: तळ ८० ते १५० च्या दरम्यान असेल आणि मांजर बरं दिसत असेल तर आहे तोच डोस चालू ठेवायचा. तळ दीडशेच्या बराच वर आणि तहान-लघवी कायम, तर अर्धं युनिट वाढवायचं. तळ ८० च्या खाली, तर कमी करायचं. वाढवताना फोन केल्याशिवाय नको. एक दिवस शुगर चारशे राहिली तर मांजर एरवी बरं असेल तोवर बिघडत नाही. उद्या, परवा दुरुस्त करता येतं. जास्त गेलेली इन्सुलिन मात्र अंगातून परत काढता येत नाही.

कधी कधी सकाळचा आकडा वर दिसतो त्याचं कारणच डोस जास्त असणं हे असतं. रात्री शुगर फार खाली गेली की शरीर स्वतःच साठवणीतली साखर सोडतं आणि सकाळी आकडा साडेतीनशे. मधले आकडे न पाहता कुणी डोस वाढवला तर अनर्थ होतो.

मग कमी कधी करायचा?

कमी करायला वाट पाहायची नाही. इंजेक्शनच्या आधीचा आकडा २०० च्या खाली असेल तर नवख्या माणसानं इंजेक्शन न देता डॉक्टरांना फोन लावावा. फोन लागला नाही तर तो डोस सोडून द्यावा आणि पुढच्या वेळी पुन्हा मोजून पाहावं. शुगर उतरून थरथर, झोकांड्या असं एकदा जरी झालं तर पुढचा डोस डॉक्टर बहुधा निम्म्यावर आणतात.

रक्त कुठून काढायचं? तो हात लावू देत नाही.

कानाच्या बाहेरच्या कडेवरून. कानाला मागून प्रकाश दिला की कडेनं जाणारी बारीक शीर दिसते. शिरेत नाही, ती आणि कड यांच्या मधे टोचायचं. मागच्या बाजूला कापसाचा बोळा धरा, नाहीतर लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) आरपार जाऊन आपल्याच बोटाला लागतं. डिसेंबर-जानेवारीत कान गार असतात, रक्त येतच नाही. कोमट फडक्यानं मिनिटभर चोळा. मे महिन्यात टोचल्याबरोबर थेंब येतो. मोहरीएवढा पुरतो.

पहिले चार-पाच दिवस नुसता कान चोळून उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्या, टोचू नका. सहाव्या दिवशी टोचा. आता भुरू मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतः चटईवर येऊन बसतो, कारण त्याला तुकडा माहीत आहे.

माणसांचं शुगर मीटर चालतं का?

चालतं, मात्र ते मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा काहीसा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात पेशी आणि पातळ भाग यांच्यात साखरेची वाटणी माणसापेक्षा वेगळी असते. मांजरासाठीचं खास मीटर मिळतं, पण त्याच्या पट्ट्या महाग आणि गावात मिळणं कठीण. आम्ही माणसांचंच वापरतो. एकच मीटर कायम वापरा, आणि कोणतं वापरता ते डॉक्टरांना सांगा. उन्हाळ्यात दुपारी खोली ४०-४५ अंशांच्या वर गेली की मीटर चूक दाखवून बंद पडतं. कुलरसमोर दहा मिनिटं ठेवून मग मोजा. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर त्या खराब होतात.

सुई कुठे टोचायची?

मानेच्या मागे किंवा बरगड्यांच्या बाजूला, कातडी चिमटीत उचलून तयार झालेल्या खळग्यात. जागा रोज बदला. केस ओले लागले तर औषध बाहेर गेलं असं समजा, आणि पुन्हा देऊ नका. किती गेलं, किती सांडलं हे आपल्याला कळत नसतं.

आज त्यानं खाल्लंच नाही. इंजेक्शन द्यायचं का?

आधी खाणं पुढे ठेवा, खाताना पाहा, मग टोचा. हा क्रम मोडू नका. अर्धंमुर्धं खाल्लं तर आमच्या डॉक्टरांनी निम्मा डोस सांगून ठेवला आहे; तुमच्या डॉक्टरांकडून हे आधीच लिहून घ्या, ऐनवेळी फोन लागत नाही. अजिबात खाल्लं नाही तर डोस नाही. पण उलट्या, मलूलपणा आणि न खाणं हे तिन्ही एकत्र दिसले तर तासाभरानं पाहू म्हणून बसू नका. अंगात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी घातक द्रव्यं) वाढलेले असू शकतात, आणि त्यावर घरी काहीच करता येत नाही. लघवीत कीटोन पाहायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात; एक डबी घरात असावी. इन्सुलिन एखाद वेळ सोडणं वेगळं, आणि कंटाळून चार-पाच दिवस बंद ठेवणं वेगळं. त्यातून मांजर या अवस्थेला पोचू शकतं.

डोस द्यायचा राहिला, किंवा चुकून दोनदा दिला गेला तर?

राहिला तर राहिला. एक-दोन तास उशीर झाला असेल तर देऊन टाका, त्याहून जास्त झाला तर सरळ पुढच्या वेळी नेहमीचा डोस. भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही.

दोनदा देण्याची चूक माझ्या हातून झाली आहे. सासूबाईंनी सहा वाजता दिलं होतं, मी शाळेतून उशिरा आले आणि न विचारता पुन्हा दिलं. रात्री दहाला भुरू चुलीजवळ बसला होता, डोळे मोठे झालेले, हाक मारली तरी मान वळवेना. उठवलं तर मागचे पाय वाकडे पडले. शुगर ४१. हिरड्यांवर मध चोळला, मग कोंबडीचं पाणी ग्लुकोज घालून पाजलं, दर वीस मिनिटांनी कान टोचला. सासूबाई रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहाटे साडेतीनला आकडा १३० वर आला. तेव्हापासून देवघराशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे. जो इंजेक्शन देतो तो सिरिंज खाली ठेवायच्या आधी त्या तारखेवर खूण करतो. खूण असेल तर कुणीही पुन्हा द्यायचं नाही, कितीही वाटो की "दिलं नसेल".

शुगर उतरली हे ओळखायचं कसं, आणि काय करायचं?

झोकांड्या, थरथर, अचानक खूप भूक, शून्यात पाहणं, आणि शेवटी झटके. मीटरवर ६० च्या खाली म्हणजे धोका. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खाऊ घाला. नसेल तर चमचाभर मध किंवा ग्लुकोज पावडरची पातळ पेस्ट बोटानं हिरड्यांना चोळा. झटके चालू असताना तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बोटही दातांमध्ये घालू नका. जरा सावरला की खायला द्या आणि डॉक्टरांकडे निघा, कारण ग्लार्जिनचा अंमल बराच वेळ राहतो आणि मधाचा लवकर संपतो. जवळच्या दवाखान्यात गाईच्या किटोसिससाठी डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, बाटल्या सहसा असतात. मांजराला किती आणि किती पातळ करून द्यायचं हे डॉक्टर जाणतात.

मधाची बाटली औषधांच्याच डब्यात ठेवा, स्वयंपाकघरात नको. ऐनवेळी सापडली पाहिजे.

उन्हाळ्यात लाईन जाते, फ्रीज नाही. इन्सुलिन टिकेल का?

न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्येच. बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठली की फेकून द्यायची. चार-पाच तास लाईन गेली तर फ्रीज उघडू नका, आतला गारवा टिकतो. वापरात असलेली ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस बाहेर चालते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि घरातही ३८-४० असतं.

फ्रीज नसेल तर माठ. एक मोठं पसरट मडकं, त्यात चार बोटं ओली वाळू, वाळूत लहान मडकं, आणि वर ओलं फडकं. कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लहान मडक्यात ठेवायची म्हणजे ओल लागत नाही. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि मडकं वारा लागेल अशा सावलीत ठेवायचं. आमच्या ओसरीत भर मे महिन्यात थर्मामीटर ठेवून पाहिलं तर आत २६-२७ अंश होते. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून हे जमतं. ज्या कारणानं आपला कुलर गार हवा देतो त्याच कारणानं. पावसाळ्यात हवा दमट झाली की मडकं तेवढं गार होत नाही, पण तेव्हा बाहेरही तेवढं ऊन नसतं.

ग्लार्जिन पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. गढूळ झाली, कण दिसले, तर टाकून द्या. मात्र उन्हानं खराब झालेली इन्सुलिन दिसायला स्वच्छही असू शकते.

दूध-पोळी बंद करायची का?

हो. मांजर मांसाहारी प्राणी आहे. पोळी, भात, दूध यांनी त्याची शुगर वाढते, आणि बाजारातलं कोरडं खाद्यही बहुधा पिठाचंच असतं. उकडलेली कोंबडी, अंडं, मासे द्या. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते मांजराला विषारी आहेत. फक्त कोंबडीच्या मांसावर वर्षानुवर्षं ठेवलं तर कॅल्शियम आणि टॉरीन नावाचं पोषक द्रव्य कमी पडतं, त्यासाठी डॉक्टरांना विचारून पूरक द्या किंवा अधूनमधून डबाबंद ओलं खाद्य द्या.

एक धोका मात्र आहे. खाणं एकदम बदललं की इन्सुलिनची गरजही एकदम कमी होते. पोळी बंद केली आणि डोस तोच ठेवला तर शुगर कोसळते. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा आणि त्या दिवसांत जास्त वेळा मोजा.

बोका हिंडायला जातो, सहाला घरी नसतो.

सकाळी सहाचं आणि संध्याकाळी सहाचं खाणं फक्त घरीच आणि फक्त त्याच वेळी मिळतं, हे त्याला महिनाभरात कळतं. शेजारच्या काकूंना मात्र हात जोडून सांगा की मायेनं दूध ओतू नका. आमच्या काकू आधी म्हणायच्या, "बिचाऱ्याले उपाशी ठेवून राहिले बाप्पा." आता त्याच भुरू कुठे दिसला तर फोन करतात.

मेथी, कारलं, कडुलिंब? किंवा एखादी गोळी?

पाला नाही. माणसांची मेटफॉर्मिन मांजरात काम करत नाही. ग्लिपिझाईड काहींना थोडी लागू पडते. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची औषधं मंजूर झाली, पण पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या निवडक मांजरांसाठी, आणि त्यांतही कीटोनचा धोका असतो.

चार-पाच युनिटपर्यंत पोचलो तरी फरक नाही.

आणखी वाढवू नका. आधी नवी कुपी आणा. आपल्याकडे उन्हानं मेलेली इन्सुलिन हेच पहिलं कारण असतं. मग दात, हिरड्या आणि लघवीचा संसर्ग तपासून घ्या. स्टेरॉईड चालू आहे का ते पाहा. तरीही उत्तर मिळालं नाही तर हॉर्मोनचे काही आजार असतात, त्यासाठी मोठ्या दवाखान्यात जायला लागतं. वजन दर पंधरा दिवसांनी लिहा. अंगणवाडीतला लटकवायचा काटा आणि एक कापडी पिशवी पुरते.

इन्सुलिन जन्मभर लागते का?

नेहमी नाही. लवकर सुरू केली, खाणं बदललं, आकडे सांभाळले तर काही मांजरांची शुगर पहिल्या काही महिन्यांत स्वतःच ताब्यात येते आणि इन्सुलिन बंद करता येते. इंजेक्शनआधीचे आकडे सारखे दोनशेखाली यायला लागले की ते त्याचं लक्षण असतं. भुरूची अकरा महिने बंद होती. मग एका पावसाळ्यात पुन्हा पाणी जास्त प्यायला लागला, आणि आम्ही पुन्हा एका युनिटपासून सुरुवात केली. बंद झाली तरी आठवड्यातून एकदा कान टोचत राहा.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

उकिरड्यावर नाही, तिथे गाई तोंड घालतात, पोरं अनवाणी फिरतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. भरली की प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून द्या. आमच्या इथे सिस्टर घेतात.